नवी एलईडी लावल्यापासून खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमधलं कोरल (प्रवाळ) पांढरं पडतंय, उजेड किती ठेवू? (आर्वीजवळचं गाव, जि. वर्धा)

भाऊ, उजेड आजच ३० टक्क्यांवर आणा आणि दर आठवड्याला ५ टक्क्यांनीच वाढवा. निळा जास्त, पांढरा कमी, रोज ८-९ तास पुरे. कोरलच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवतं. उजेड एकदम वाढला की कोरल ते शैवाल बाहेर टाकतं, म्हणून रंग उडतो. मांस शाबूत असेल तर रंग परत येऊ शकतो, पण रोज सेटिंग बदलत बसू नका. मात्र आपल्याकडच्या मे महिन्यात आधी थर्मामीटर बघा: पाणी ३० अंशांच्या वर राहिलं तरी कोरल असंच पांढरं पडतं. मग पाण्यावर पंखा सोडा. इथली हवा कोरडी, कूलरसारखं काम होतं. पाणी जेवढं उडेल तेवढं आरओचं गोडं पाणीच टाका, खारं नाही.