‘ही सेड’च्या आधी पूर्णविराम का नको?

इंग्रजीत कथा, अनुवाद किंवा वृत्तान्त लिहिणाऱ्या वाचकांचे या वेळचे बहुतेक प्रश्न संवादांच्या विरामचिन्हांबद्दल आहेत. उदाहरणं देवनागरीतच देतो आहे. आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल हा भेद नाही, त्यामुळे जिथे तो महत्त्वाचा आहे तिथे तसं शब्दांत सांगेन.

प्रश्न : संपादकांनी माझी इंग्रजी कथा परत पाठवली. जवळजवळ प्रत्येक संवादाच्या शेवटचा पूर्णविराम खोडून स्वल्पविराम केलाय आणि पुढचा ‘ही’ स्मॉल एचने सुरू केलाय. पात्राचं वाक्य तर पूर्ण झालं होतं. मग पूर्णविराम का नको?

पात्राचं वाक्य पूर्ण झालं, तुमचं नाही झालं. तुमची ओळ बहुधा अशी असेल :

“आय ॲम टायर्ड.” ही सेड.

पूर्णविरामानंतर उरलं काय? ‘ही सेड.’ तो म्हणाला. काय म्हणाला? ‘से’ हे सकर्मक क्रियापद आहे आणि त्याचं कर्म म्हणजे अवतरणातलं ते बोलणं. कर्म एका वाक्यात आणि क्रियापद पुढच्या वाक्यात, अशी फाळणी इंग्रजीला चालत नाही. म्हणून पात्राच्या पूर्णविरामाला तेवढ्यापुरतं स्वल्पविरामावर समाधान मानावं लागतं, आणि खरा पूर्णविराम ओळीच्या टोकाला जातो :

“आय ॲम टायर्ड,” ही सेड.

स्वल्पविराम अवतरणचिन्हाच्या आत, ‘ही’चा एच स्मॉल. तिथे एखादं नाव आलं तर ते कॅपिटलने सुरू होईल, पण विशेषनाम म्हणून. ‘ही सेड’ आधी आलं तर त्याच्यापुढे स्वल्पविराम, अवतरणातलं पहिलं अक्षर कॅपिटल आणि शेवटी पूर्णविराम.

प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह मात्र आपली जागा सोडत नाहीत, कारण ती काढली तर आवाजाचा चढउतारच जाईल :

“आर यू टायर्ड?” ही आस्क्ड.

इथेही एच स्मॉलच. सगळ्यात जास्त चुका नेमक्या याच जागी होतात, कारण प्रश्नचिन्ह आलं की वाक्य संपलं हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. त्यात संगणक ‘मदत’ म्हणून पुढचं अक्षर आपणहून कॅपिटल करून ठेवतो. ती सोय मी कधीच बंद करून टाकली. प्रश्नचिन्हानंतर आणखी एक स्वल्पविराम देणारेही भेटतात. तो नको.

प्रश्न : मग “आय ॲम टायर्ड,” ही स्माइल्ड. हे बरोबर ना? स्वल्पविराम दिलाय.

नाही, इथे पूर्णविरामच हवा होता. हसून वाक्य उच्चारता येत नाही. म्हणणं, विचारणं, कुजबुजणं, ओरडणं, पुटपुटणं या क्रियापदांच्या पोटात बोलणं आहे. हसणं, मान डोलावणं, खांदे उडवणं, खिडकीकडे बघणं या नुसत्या हालचाली. हालचालीचं वाक्य स्वतंत्र राहतं :

“आय ॲम टायर्ड.” ही स्माइल्ड.

म्हणजे पहिल्या वाचकाच्या संपादकांनी त्यांच्या कथेत जे खोडलं, तेच इथे आणायचं आहे, आणि ‘ही’चा एचही कॅपिटल करायचा आहे. ‘साइड’ म्हणजे सुस्कारा टाकला आणि ‘लाफ्ड’ म्हणजे हसला, या दोन क्रियापदांवर इंग्रजी संपादकांमध्येही एकमत नाही. सुस्काऱ्यासोबत दोन शब्द बाहेर पडू शकतात, असं काहींचं म्हणणं. मी स्वतः हसऱ्या क्रियापदांआधी पूर्णविरामच देतो.

बोलण्याच्या मधोमध हालचाल घुसली आणि ‘सेड’ वगैरे काही नसेल, तर लांब आडवी रेघ वापरतात, आणि ती अवतरणचिन्हांच्या बाहेर असते :

“आय वॉज गोइंग टू”—शी पिक्ड अप द लॅम्प—“टेल यू.”

प्रश्न : ‘शी सेड’ मधेच आलं तर त्यानंतर कधी स्वल्पविराम दिसतो, कधी पूर्णविराम. कसं ठरवायचं?

‘शी सेड’ हाताने झाकून बोलणं सलग वाचा. जोडाच्या जागी पूर्णविराम लागत असेल तर ‘शी सेड’नंतर पूर्णविराम आणि पुढे कॅपिटल. नसेल लागत तर स्वल्पविराम आणि पुढे स्मॉल :

“आय नो यू,” शी सेड. “यू विल फर्गेट.”

“इफ यू फर्गेट,” शी सेड, “वी विल रिमाइंड यू.”

दुसऱ्या ओळीत ‘शी सेड’नंतर पूर्णविराम दिला असता तर ‘इफ यू फर्गेट’ अधांतरी लटकलं असतं.

प्रश्न : मी अनुवाद करते. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ याचं मी इंग्रजीत असं केलं : ही सेड दॅट, “आय विल कम टुमॉरो.” सहकारी म्हणतात चूक. मला तर सगळं जागच्या जागी वाटतं.

हा प्रश्न मला फार आवडला, कारण इथे चूक इंग्रजीची नाही, मराठी इंग्रजीच्या कपड्यांत आली आहे.

मराठीतला ‘की’ मोठा उदार आहे. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ या वाक्यात ‘मी’ म्हणजे बोलणारा तो, हे आपल्याला सांगावं लागत नाही. ‘की’च्या पलीकडे मूळ बोलणं जसंच्या तसं ठेवता येतं, त्यातला ‘मी’, त्यातला ‘उद्या’, त्यातला वर्तमानकाळ सगळं शाबूत. वाक्याच्या मागून येणारा ‘असं’ किंवा ‘म्हणून’ही तेच करतो : ‘उद्या येतो म्हणून गेला तो अजून आला नाही.’ अवतरणचिन्हं नसतानाही ‘म्हणून’ इथे बोलणं कुठे संपलं ते सांगतो. अवतरणचिन्हं आपण इंग्रजी छपाईतून घेतली. त्याआधी आणि त्यानंतरही हे छोटे शब्द ती कामगिरी करत आलेच आहेत. त्यामुळे मराठीत ‘की’नंतर अवतरणचिन्ह आलं तरी कुणाला खटकत नाही.

इंग्रजीतल्या ‘दॅट’कडे ही उदारता नाही. ‘दॅट’ आला की निवेदकाने बोलणं आपल्या ताब्यात घेतलं. मग ‘आय’चा ‘ही’ होतो, ‘विल’चा ‘वुड’ होतो, ‘टुमॉरो’चा बहुतेक वेळा ‘द नेक्स्ट डे’ होतो. शाळेत ‘डायरेक्टचं इनडायरेक्ट करा’ म्हणून जे घोकलं ते हेच. म्हणजे तुमच्यापुढे दोन वाटा आहेत :

ही सेड, “आय विल कम टुमॉरो.”

ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.

पहिल्यात अवतरणचिन्हं आहेत, ‘दॅट’ नाही. दुसऱ्यात ‘दॅट’ आहे, अवतरणचिन्हं नाहीत, आणि ‘दॅट’नंतर स्वल्पविरामही नाही. तुमच्या ओळीत दोन्ही एकदम आली, आणि इंग्रजी वाचकाला कळेना की आता बोलतंय कोण.

एक सवलत मात्र आहे, बातमी किंवा वृत्तान्त लिहिणाऱ्यांना ती रोज लागते. बोलणाऱ्याचा एखादाच शब्द किंवा तुकडा जसाच्या तसा द्यायचा असेल, तर तो ‘दॅट’च्या वाक्यातही अवतरणात ठेवता येतो : ही सेड दॅट द प्लॅन वॉज “अ जोक.” तुकडा वाक्यात मिसळलेला असल्यामुळे आधी स्वल्पविराम नाही आणि त्याची सुरुवात स्मॉल अक्षराने. पूर्णविराम इथे अमेरिकी पद्धतीने आत ठेवला आहे. ब्रिटिश पद्धतीने तो बाहेर गेला असता. हे का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी?

ब्रिटिश पुस्तकांत बहुधा एकेरी आणि अवतरणातल्या अवतरणाला दुहेरी. अमेरिकेत उलट. ब्रिटिश वर्तमानपत्रं मात्र बरीचशी दुहेरी वापरतात, त्यामुळे ‘ब्रिटिश म्हणजे एकेरी’ हे समीकरण फार ताणू नका. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचे प्रमुख होरेस हार्ट यांनी आपल्या जुळाऱ्यांसाठी, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगारांसाठी, 1893 मध्ये नियमांची छोटी पुस्तिका काढली. ‘हार्ट्‌स रूल्स’ म्हणून ती 1904 पासून बाहेरही विकली जाऊ लागली. अमेरिकेतलं ‘शिकागो मॅन्युअल’, म्हणजे शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याचं तसंच नियमांचं पुस्तक, 1906 चं. आजही दोन्हींच्या नव्या आवृत्त्या निघतात आणि दोन्ही घराणी आपापली पट्टी सोडत नाहीत.

अमेरिकी पद्धतीत स्वल्पविराम आणि पूर्णविराम नेहमी अवतरणचिन्हाच्या आत, मग तो मूळ बोलण्यातला असो वा नसो. ब्रिटिश पद्धत अर्थ बघते : चिन्ह बोलण्याचं असेल तर आत, निवेदकाचं असेल तर बाहेर. अर्धविराम आणि अपूर्णविराम दोन्हीकडे बाहेर. घाबरू नका, सलग संवादात हा फरक क्वचितच जाणवतो. तो एकेका शब्दाच्या अवतरणात उघडा पडतो.

एकेरी चिन्हांची एक अडचण आहे. ‘डोंट’मध्ये वर येणारं लोपचिन्ह (ॲपॉस्ट्रॉफी) आणि बंद करायचं एकेरी चिन्ह दिसायला एकच. शब्दाच्या सुरुवातीला लोपचिन्ह असेल, उदाहरणार्थ ‘देम’चं बोलीतलं रूप ‘एम’, तर संगणक ते हमखास उलटं, म्हणजे अवतरण उघडणारं टाकतो. एकेरी चिन्हं वापरून लिहिलेली संहिता पाठवण्याआधी या जागा डोळ्यांनी तपासाव्याच लागतात. ज्यांना सक्ती नाही त्यांना मी दुहेरीच सुचवतो.

प्रश्न : एका कादंबरीत एक पात्र तीन परिच्छेद सलग बोलतं. पहिल्या दोन परिच्छेदांच्या शेवटी अवतरण बंदच केलेलं नाही. छपाईची चूक?

चूक नाही. एकाच माणसाचं बोलणं अनेक परिच्छेदांत चालू असेल तर प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला चिन्ह उघडायचं, पण बंद फक्त शेवटच्याला करायचं. मधे बंद केलं की पुढचा परिच्छेद दुसऱ्याच कुणाचा वाटतो.

विचित्र दिसतं खरं, पण त्याला जुना वारसा आहे. ही चिन्हं मुळात पानाच्या समासातली. अठराव्या शतकातल्या कित्येक इंग्रजी पुस्तकांत अवतरण चालू असेपर्यंत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ती छापलेली आढळतात. ओळींवरून ती गेली, परिच्छेदांवर तेवढी राहिली. त्याहीआधी तर त्यांच्यावाचून चालत होतं : 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये अवतरणचिन्हं नाहीत, स्वल्पविराम आणि पुढचं कॅपिटल अक्षर एवढ्यावर बोलणं सुरू झाल्याचं कळतं.

जाता जाता : बोलणारा बदलला की नवा परिच्छेद, मग संवाद एका शब्दाचा का असेना.

प्रश्न : “तू ‘मला उशीर झालाय’ असं म्हणालास का?” असं इंग्रजीत विचारायचं असेल तर प्रश्नचिन्ह आत की बाहेर?

प्रश्न ज्याचा, चिन्ह त्याचं. प्रश्न तुमचा असेल तर बाहेर :

डिड यू से, “आय ॲम लेट”?

प्रश्न पात्राचा असेल तर आत :

ही आस्क्ड, “ॲम आय लेट?”

दोघांचाही असेल तरी चिन्ह एकच, आतलं : डिड यू आस्क, “ॲम आय लेट?” यात अमेरिका-इंग्लंड भांडण नाही.

प्रश्न : वाक्य अर्धवट सोडायचं तर तीन टिंबं की रेघ?

आवाज हळूहळू विरला, बोलणारा स्वतःच थांबला किंवा विचारात पडला, तर टिंबं. मधेच कुणी तोडलं, दार आपटलं, फोन बंद पडला, तर लांब रेघ, अवतरणचिन्हाच्या आत आणि तिच्यानंतर स्वल्पविराम नाही :

“बट आय—” शी सेड.

तोडणाऱ्याचं वाक्य लगेच पुढच्या परिच्छेदात आलं पाहिजे. ‘ही इंटरप्टेड’ असं वर सांगायची गरज नाही, रेघेने ते सांगितलेलं असतं. तुम्ही पाठवलेल्या पानावर मात्र अकरा संवाद आहेत आणि त्यातले नऊ टिंबांवर संपतात. त्यातली दोन ठेवा, बाकीच्यांना पूर्णविराम द्या आणि पुन्हा मोठ्याने वाचून बघा.