के. के. रेंज या लष्कराच्या गोळीबार-सराव क्षेत्राजवळच्या गावांत सरावात पिकाचं नुकसान झालं, तर भरपाई कुणाकडे मागायची?

जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे राज्याच्या महसूल खात्याकडेच मागा. पैसे मात्र संरक्षण खात्याच्या तरतुदीतून येतात. याला आधार मनूव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस ॲक्ट, १९३८ या कायद्याचा. गोळीबार-सरावाचं क्षेत्र राज्य सरकारच अधिसूचना काढून ठरवतं. झारखंडनं २०२२ मध्ये नेतरहाट इथल्या अशाच गोळीबार-क्षेत्राची मुदत वाढवलीच नाही, इतका राज्याचा शब्द इथे चालतो. नुकसान ठरवायला जिल्हाधिकारी महसूल अधिकारी नेमतात आणि त्यानं जागेवर येऊन पाहणी करणं अपेक्षित असतं. फक्त पीकच नाही, सरावाच्या दिवशी रानात जाऊ न दिल्यानं बुडालेला रोजही मागता येतो. हे पुष्कळ शेतमजुरांना कुणी सांगतच नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि सोबत

- सातबारा व पीकपाहणीची नोंद
- तुडवलेल्या पिकाचे, खड्ड्यांचे तारखेसह फोटो
- ग्रामपंचायतीला आलेली सरावाची सूचना

रक्कम पटली नाही तर अपील करता येतं, पण मुदत अगदी थोडी असते. हा कायदा अधिसूचित क्षेत्रातल्या सरावापुरताच आहे; जमीन कायमची घेतली जात असेल तर भूसंपादनाचा २०१३ चा कायदा पाहावा लागेल.