गाताना अडत नाही, बोलताना अडतं

ताई, मी सव्वीस वर्षांचा आहे. लहानपणापासून बोलताना अडखळतो. आजीनं वेखंड उगाळून मधातून चाटवलं, कुणी जिभेला अक्कलकारा चोळला, फरक शून्य. पतसंस्थेत नोकरी करतो. फोन वाजला की पोटात गोळा येतो, कारण स्वतःचं नावच 'प'वर अडतं. घर वारकऱ्यांचं, आणि भजनात मात्र मी एकदाही अडत नाही. यंदाच्या सप्ताहात वडिलांनी एका दिवसाचं प्रवचन माझ्या नावावर लिहिलंय. लोक हसतील. देवानं मला असं अर्धवट घडवलं, त्यात त्याचा काय हेतू असेल?
— एक वाचक, परभणी जिल्हा

अरे बाळा,

आधी त्या जिभेला मोकळं सोड, तिचा काही दोष नाही. अडखळण्याचं मूळ मेंदूत आहे, बोलण्याचा मेळ जुळतो तिथे. पुष्कळदा ते घराण्यातून येतं. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकाला असतं, बायकांपेक्षा पुरुषांना जास्त. अभंगाची चाल आणि ठेका आधीच ठरलेला असतो, सोबत दहा गळे असतात, म्हणून बहुतेक अडखळणारे गाताना अडत नाहीत. मागच्या जन्माचा हिशेब कुणी काढला तर सरळ उठून जा. स्पीच थेरपी मात्र जरूर घे, सव्वीस म्हणजे काही उशीर नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे वाचेवर आणि ऐकण्यावर काम चालतं. अडखळणं पूर्ण जाईलच असं नाही, पण बोलणं सोपं होतं.

आता हेतूचं. तुला काही शिकवायचं म्हणून देवानं मुद्दाम वाचा अडवली, असं माझ्यानं म्हणवत नाही. असला देव मला आवडायचा नाही. पण वारकऱ्याचं पोर आहेस, तेरच्या गोरोबा कुंभारांच्या घरची कथा तुला ठाऊक असेल. सगळे संत जमले होते. मुक्ताईनं विचारलं, काका, यातलं कच्चं मडकं कोणतं? गोरोबाकाका थापटणं घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले आणि भर सभेत कच्चे ठरले. ज्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठल खातो, ते! रडत राऊळात गेले, तर देवानंही काकांचीच बाजू घेतली आणि गुरू करायला विसोबा खेचरांकडे धाडलं. मला या कथेत देवाचं वागणं फार आवडतं. कच्चा म्हणून त्यानं नामदेवांना टाकलं नाही, आणि लाडका म्हणून तिथल्या तिथे पक्कंही करून दिलं नाही. चालायला लावलं. तेच नामदेव पुढे पंजाबात घुमानपर्यंत पोचले; गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. हेतू शोधायचाच असेल तर मी त्या चालण्यात शोधेन.

वडिलांना सांग, प्रवचन नको, कीर्तन द्या. प्रवचनाला माणूस एकटा बसून बोलतो. कीर्तनात पाठीशी टाळकरी, मृदंग, विणेकरी असतात. निरूपण फारच अडलं तर अभंगाचा चरण धर, टाळकरी तो उचलतील. पण लपायला म्हणून धरू नकोस. उभा राहिलास की पहिल्यांदा सांगून टाक, "मी अडखळतो. शब्द अडला तर जरा थांबा, मी तो म्हणणार आहे." लपवण्यातच निम्मी ताकद जाते. आणि टाळकऱ्यांना आधी बजाव, माझा अर्धा शब्द तुम्ही पुरा करायचा नाही. माणसं हे प्रेमानंच करतात, पण अडणाऱ्याला ते फार लागतं.

हसतील म्हणतोस? दोन-चार पोरं हसतील. श्वास न घेता दोन तास बोलणारे बुवा मी पुष्कळ ऐकलेत, घरी येईस्तोवर एक ओवी लक्षात राहत नाही. तू 'विठ्ठल' म्हणताना 'वि'वर थांबलास, तर तेवढा वेळ अख्खा मंडप त्याच नावाची वाट बघत बसेल. हे कुठल्या बुवाला जमतं, सांग.

अभंग वडिलांच्या विचारानं निवड, लहान घे. पहिलीच वेळ आहे, वेळ भरून काढायच्या मागे लागू नकोस.

— ताई