"आपण गेम नीट खेळलेला दिसत नाही" हे वाक्य आधी खोड

भावा, तुझी पोस्ट काल रात्रीच वाचलेली, पण लगेच लिहिलं नाही, कारण तुझ्या बाजूने मीच जास्त तापलो असतो. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा साताऱ्याचा मित्र, नोकरी सांभाळून दोन वर्षं रात्री जागून एकट्याने गेम केला आणि स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाईन दुकानात टाकला. अंधारात मशाल घेऊन किल्ला चढायचा असा गेम आहे. २३ रिव्ह्यू आलेत, १४ चांगले ९ वाईट, म्हणून पानावर 'मिक्स्ड' म्हणजे संमिश्र असा शिक्का लागलंय, आणि त्या नऊपैकी एकाने लांबलचक लिहून शेवटी "अर्धा कच्चा भात" असं म्हटलंय. तर ह्याने अकरा मुद्द्यांचं उत्तर तयार करून इथं टाकलंय आणि विचारतोय, पोस्ट करू का.

नको करू.

तुझं पहिलंच वाक्य बघ. "आपण गेम नीट खेळलेला दिसत नाही." का, तर त्याच्या रिव्ह्यूवर खेळलेला वेळ फक्त ४७ मिनिटं दिसतोय. अरे पण हीच तर माहिती आहे ना, त्याला ४७ मिनिटांत कंटाळा आला आणि तो उठला! तुझा तिसरा बुरूज कितीही भारी असला तरी तिथपर्यंत तो पोचलाच नाही आणि तो न पोचणं ही चूक त्याची नाही. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर सरळ पैसे परत मिळतात, म्हणजे गिऱ्हाईक दोन तास उंबऱ्यावरच उभं असतं, आत आलेलं नसतं. तू त्याला म्हणतोयस आत या, माजघर बघा, आणि उंबऱ्यावरच त्याला ठेच लागलीय.

मी हे शहाणपण पुस्तकात वाचून सांगत नाही, मी स्वतः माती खाल्लीय. आम्ही तिघं, विश्रामबागेत एका दुकानाच्या वर खोली घेऊन बैलगाडा शर्यतीचा मोबाईल गेम करत होतो. निवांत चाललं होतं, तेवढ्यात २०२१च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने शर्यतींना परवानगी दिली आणि सगळा सांगली जिल्हा मैदानाच्या नादाला लागला. आम्ही म्हटलं हीच वेळ, आणि केली घाई. बैल पळतानाचं ॲनिमेशन करायला वेळ नव्हता म्हणून घोड्याच्या दौडीचं ॲनिमेशन विकत घेतलं आणि बैलाच्या मॉडेलला चिकटवलं. ऑफिसात कुणाला काही कळलं नाही, कारण आमच्यातल्या एकाच्याही दारात बैल नव्हता.

चौथ्या दिवशी एक स्टार, खाली एकच ओळ. "बैल हाय का घोडा?"

मी रात्री एक वाजता उत्तर दिलं, "गेम फुकट आहे, एवढंच असेल तर स्वतः करून दाखवा." आणि झोपलो. सकाळी त्याचा स्क्रीनशॉट खानापूरपासून जतपर्यंत शर्यतवाल्यांच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरत होता. माझ्या मामांनीच मला फॉरवर्ड केला, खाली लिहिलेलं, "हे तुमचंच पोरगं का?" दोन दिवसांत रेटिंग ४.२ वरून २.९ वर आलं, आणि त्यातल्या निम्म्या लोकांनी गेम उघडलासुद्धा नसणार, त्यांना राग बैलाचा नव्हताच, माझ्या उत्तराचा होता.

मग ते उत्तर काढून दुसरं लिहिलं, की चुकलं, बैल कसा पळतो ते दाखवाल का, ईमेल अमुक अमुक. मला वाटलं आता अजून शिव्या येतील. चार दिवसांनी त्या एक स्टारवाल्यांचा ईमेल आला, त्यात फक्त फोन नंबर. तासगाव तालुक्यातले शेतकरी, वय पन्नाशीच्या पुढं, घरी खिलार जोडी. पुढच्या मैदानाला आम्हाला बरोबर घेऊन गेले, धुरळ्यात उभं केलं आणि म्हणाले, "पायाकडं बघू नका ओ, आधी वशिंड बघा. वशिंड डुलतंय का न्हाई? तुमच्या गेमात ते दगडागत हाय. आन् दोन बैल एकदम पाय टाकत न्हाईत, ते काय कवायत करत्यात का?" आम्ही फोनवर स्लो मोशनमध्ये सगळं शूट केलं, आमचा ॲनिमेशनवाला तीन आठवडे तेच बघत बसला, आणि नवीन अपडेटमध्ये बैल बैलासारखा पळायला लागला. चाबूक आम्ही आधीपासूनच ठेवला नव्हता, कारण नियमात चाबूक, काठी काही चालत नाही. त्याबद्दल मात्र कुणीच कौतुक केलं नाही, असो.

त्यांनी एकाचे तीन स्टार केले. मी फोन करून विचारलं, दादा अजून दोन का कापले? तर म्हणाले छकड्याचा आवाज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीगत येतोय. येत होताच. तो आवाजसुद्धा विकतचा होता.

आता तू म्हणशील मोबाईलचं वेगळं, स्टीमचं वेगळं. थोडंफार वेगळं आहे, पण मोठ्या कंपन्यांचं बघ. बेथेस्डाने २०२३ मध्ये स्टारफील्ड हा अंतराळातला गेम काढला, लोक म्हणाले ग्रह रिकामे आहेत, कंटाळा येतो. तर कंपनीच्या सपोर्टवाल्यांनी स्टीमवरच्या निगेटिव्ह रिव्ह्यूंखाली उत्तरं टाकायला सुरुवात केली की रिकामेपणा मुद्दाम ठेवलाय, चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांना तिथं काही नव्हतं तरी कुठं कंटाळा आला होता! जगभर हसू झालं. एवढा पैसा, एवढी माणसं, आणि उत्तर तुझ्या अकरा मुद्द्यांसारखंच, तुम्हाला कळलं नाही असं. डिजिटल होमिसाईड नावाच्या छोट्या स्टुडिओने तर २०१६ मध्ये एका समीक्षकावर एक कोटी डॉलरचा दावा ठोकला, तेवढ्यावर भागलं नाही म्हणून स्टीमवरच्या शंभर युजरांवर दुसरा दावा लावला. स्टीमची मालक कंपनी वाल्व्हने त्यांचे सगळे गेम स्टीमवरून काढून टाकले, आणि २०१७ मध्ये समीक्षकावरची केसही गेली. राग खरा असेल त्यांचा, पण दुकान गेलं ना.

याच्या उलट हॅलो गेम्स. त्यांच्या नो मॅन्स स्काय या गेमवर २०१६च्या ऑगस्टमध्ये जेवढ्या शिव्या पडल्या तेवढ्या क्वचितच कुणाला पडल्या असतील, आणि खरं बोलायचं तर बऱ्याच रास्त होत्या, आधी सांगितलेल्या गोष्टी गेममध्ये नव्हत्या. ते लोक काही महिने गप्पच बसले. त्यावरूनही शिव्या खाल्ल्या. मग नोव्हेंबरात पहिला मोठा अपडेट, २०१८च्या जुलैत नेक्स्ट नावाचा, ज्यात लोक मागत होते तो मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी मिळून खेळणं, नीट आला, सगळं फुकट, आणि ते थांबलेच नाहीत. स्टीमवर एकूण रेटिंग 'व्हेरी पॉझिटिव्ह' व्हायला २०२४ संपत आलं होतं, म्हणजे आठ वर्षं. मला स्वतःला ते अगदीच गप्प बसणं पटत नाही, दोन ओळी लिहायला हव्या होत्या, पण वाद घालण्यापेक्षा गप्प बसणं कधीही बरं. हेलडायव्हर्स २ हा गेम करणाऱ्या ॲरोहेडने अजून गंमत केली. २०२४च्या मे महिन्यात सोनीने प्लेस्टेशन अकाउंटची सक्ती आणली तेव्हा दोन लाखांवर निगेटिव्ह रिव्ह्यू पडले, सोनीने काही दिवसांतच निर्णय मागे घेतला, आणि नंतर ॲरोहेडने त्या रिव्ह्यूंचा ग्राफच नक्षी म्हणून छापलेला एक केप गेममध्ये दिला. आपलाच पाणउतारा अंगरखा करून घालायचा, हे मला जाम आवडलं.

आणि आपल्या पुण्यातलं उदाहरण, राजी नावाचा गेम. नोडिंग हेड्स गेम्स, २०२०. चित्रं आणि वातावरण याचं कौतुक झालं, पण मारामारी कच्ची आहे आणि गेम पटकन संपतो असंही बऱ्याच जणांनी लिहिलं. त्यांनी २०२२ मध्ये एन्हान्स्ड एडिशन आणली, त्यात ग्राफिक्सवर आणि मारामारीवर परत काम केलं. भांडत बसले असते तर तेवढा वेळ कुठून आणला असता?

तसंही आम्ही सांगलीकडचे, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं सीतास्वयंवर उभं केलं तेव्हापासून आमच्याकडे प्रेक्षक आहे. आमचे आजोबा सांगायचे, नाटक पडत असलं की सांगलीचा माणूस ओरडत नाही, खोकतो. नटाने कधी थांबून विचारलंय का, की तुम्ही का खोकलात, पहिला अंक नीट बघितला का?

बरं, आता तुझ्या गेमचं. तुझे नऊच्या नऊ निगेटिव्ह रिव्ह्यू मी चहा घेत घेत वाचले. नऊपैकी सहा जण मशालीबद्दल बोलतायत! एक म्हणतोय अंधार फार आहे, एक म्हणतोय कंट्रोल खराब, एक म्हणतोय गेम अवघड आहे, दोघं म्हणतायत सारखं पहिल्यापासून चढायला लागतं, आणि तुझा तो कच्च्या भाताचा माणूस म्हणतोय "डिझाईनमध्ये दयामाया नाही". शब्द सहा तऱ्हेचे आहेत पण मी खेळून बघितलं, पहिल्या चढणीवर वाऱ्याने मशाल विझते, मग काही दिसत नाही, मग पाय घसरतो, आणि मग पार दरवाज्यापासून सुरू. मी स्वतः नऊ वेळा पडलो. तुझ्या अकरा मुद्द्यांत मशाल हा शब्द एकदाही नाहीये, तू सगळा वेळ इतिहास बरोबर आहे आणि संगीत ओरिजिनल आहे हे सांगण्यात घालवलायस, जे कुणी विचारलंच नव्हतं.

आणि हिशोब कर. १४ भागिले २३ म्हणजे ६१ टक्के. स्टीमवर ४० ते ६९ म्हणजे मिक्स्ड, ७० ला 'मोस्टली पॉझिटिव्ह' लागतं. नवीन माणसांच्या भरवशावर राहिलास तर ओळीने सात चांगले रिव्ह्यू पाहिजेत, मधे एकही वाईट न येता. पण त्या सहा मशालवाल्यांपैकी तिघांनी जरी खालचा अंगठा वर फिरवला तरी १७ भागिले २३, झाले ७४. तुला शत्रू वाटतायत तीच तुझी सगळ्यात जवळची माणसं आहेत, पैसे देऊन घेतलंय त्यांनी.

भावंडांना आणि कॉलेजच्या ग्रुपला फुकट की (गेम चालू करायचे कोड) वाटून रिव्ह्यू लिहायला लावू का असं तू खाली कमेंटमध्ये विचारलंयस, तो नाद सोड. कीवरून घेतलेल्या गेमचे रिव्ह्यू २०१६ पासून त्या स्कोअरमध्ये धरत नाहीत, आणि ठरवून रिव्ह्यू लिहून घेणं नियमात बसत नाही, पकडला गेलास तर कायमचं दुकान बंद. आणि जो एक जण तुझ्या जातीवर घसरलाय त्याला उत्तरच देऊ नको, फक्त रिपोर्ट कर.

मोबाईलवर कधी आलास तर अजून एक. प्ले कन्सोलमध्ये (ॲप टाकणाऱ्यांसाठीचं गूगलचं पान) रिव्ह्यूशेजारी फोनचं मॉडेल, अँड्रॉइड आणि आपल्या ॲपचं व्हर्जन दिसतं, ते आधी बघायचं. आम्हाला आठ जणांनी "हँग होतंय, भंगार" लिहिलं होतं, आम्ही म्हणत होतो आमच्याकडे तर मक्खन चालतंय. मॉडेल बघितले तर सगळे दोन जीबी रॅमचे. मारुती रोडवरून तसला एक जुना फोन आणला, गेम टाकला, आणि दुसऱ्याच शर्यतीत स्क्रीन गोठली. तो फोन अजून टेबलावर आहे, आता प्रत्येक बिल्ड (गेमची नवी तयार प्रत) आधी त्याच्यावर चालतो. तिथं उत्तराला ३५० अक्षरंच मिळतात, ते एका अर्थी बरंच आहे, तुझ्यासारख्याला अकरा मुद्दे बसवताच आले नसते.

आता काय करायचं तर आधी मशाल. वाऱ्याने विझायच्या आधी दोन सेकंद फडफडू दे, आणि पहिल्या चढणीच्या मधे एक चेकपॉइंट टाक, म्हणजे पडलं तरी तिथूनच परत सुरू होईल, टाकं किंवा देवडी काहीही. अपडेट लाईव्ह झाला की मगच त्या माणसाच्या खाली लिही, आणि एवढंच लिही:

"वेळ काढून लिहिलंत, आभार. पहिल्या चढणीवर मशाल विझून परत खालपासून यावं लागत होतं, ती चूक माझी होती. आजच्या अपडेटमध्ये ते बदललंय, मधे चेकपॉइंटही आहे. बाकीच्या दोन मुद्द्यांवर काम चालू आहे."

परत खेळून बघा, रेटिंग बदला, असं अजिबात लिहू नको. तो बदलेल किंवा नाही बदलणार, पण उद्या जो माणूस गेम घ्यायचा का नाही म्हणून तुझं पान उघडेल तो हे दोन्ही खालीवर वाचणार आहे, तुझं उत्तर खरं तर त्याच्यासाठी आहे.

बिल्ड झाला की मला लिंक टाक. आणि चेकपॉइंट दरवाज्याच्या फार जवळ ठेवू नको, मी पाचव्यांदा पडलो ते त्या वडाच्या मुळीपाशी, त्याच्या वर कुठंतरी बघ.