सायकल चालवायची कुठे मग? (वाचकांचे प्रश्न)

नमस्कार ताई, आम्ही पवईला राहतो. तलावाभोवती सायकल ट्रॅक होणार म्हणून मुलाला सायकल घेऊन दिली आणि मग कोर्टाने तो ट्रॅकच रद्द केला. आमच्या बिल्डिंगमध्ये यावरून अजून भांडणं होतात. तलाव महापालिकेचा म्हणजे आपलाच ना, मग आपण त्याच्या काठावर साधी सायकल चालवली तर निसर्गाचं असं काय वाकडं होणार? सगळीकडे टॉवर उभे राहिले तेव्हा हे पर्यावरणवाले कुठे होते?
— एक आई, पवई

ताई, शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, तो राग मलाही येतो. पण बाकीच्याचं सांगते.

आधी कोर्टाचं. मे २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने हे काम बेकायदा ठरवलं आणि जे बांधलंय ते काढून जागा पूर्ववत करा असं पालिकेला सांगितलं. प्रकरण कोर्टात नेणाऱ्यांत आयआयटीतले विद्यार्थीही होते, म्हणजे तुमचे शेजारीच. मुद्दा होता २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांचा. गेल्या दहा वर्षांत पुराचं पाणी सरासरी जिथवर चढलं त्या रेषेपासून ५० मीटरच्या आत कायमचं बांधकाम करायचं नाही असं त्यात आहे, सूट फक्त होड्यांच्या धक्क्याला. पालिकेचं म्हणणं होतं की आम्ही सिमेंट ओतत नाही, जाळीच्या पेट्यांत दगड भरून रचतोय, त्यातून पाणी आरपार जातं. पाणी जाईल हो, मगरीणबाई कुठून जाणार?

कारण पवईत मगरी आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सकाळी उन्हाला काठावर येऊन पडतात ना, ती काय हौस नसते, तिचं रक्त थंड, ऊन खाल्ल्याशिवाय तिचं अंग चालत नाही. आणि अंडी ती पाण्यात घालत नाही, उन्हाळ्याच्या तोंडाशी काठावरच्या मातीत खड्डा करून घालते, पिल्लं साधारण पावसाच्या आधी बाहेर येतात. म्हणजे तिला पाणी पाहिजे आणि पाण्याला लागून मऊ मातीचा उतार पण पाहिजे. तलाव तेवढाच ठेवला, पाणीही ठेवलं आणि काठ मात्र दगडांनी बांधून काढला तर तिच्या लेखी अर्धं घर गेलं. बगळे, पाणकोंबड्या, बेडूक सगळ्यांचं तेच, कमरेएवढ्या पाण्यात आणि चिखलात त्यांचा संसार. आपल्याला ती जागा रिकामी आणि घाणेरडी दिसते म्हणून तर ट्रॅक नेहमी तिथेच आखला जातो, कोणाचं घर पाडावं लागत नाही ना!

आता तुम्ही म्हणाल तलाव तरी कुठे खरा, इंग्रजांनी बांधलेला. बरोबर, १८९० च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी बांधला, आज ते पाणी प्यायच्या लायकीचं नाही म्हणून कारखाने वगैरेंना जातं. पण सव्वाशे-दीडशे वर्षांत तिथे जे वस्तीला आलं ते खरंच आहे. शिवाय तलाव भरला की त्याचं पाणी मिठी नदीला मिळतं, त्यामुळे इथल्या काठाचं काय होतं ते खालच्या अर्ध्या मुंबईला लागू आहे.

सायकलच्या विरोधात मी अजिबात नाही बरं का. उलट मला वाटतं की ज्या जागेवर लोक जातच नाहीत ती कधी कचरा टाकून गायब होते कळत पण नाही. रस्त्याच्या बाजूला, जिथे आधीच फुटपाथ आहे, विसर्जनाचा घाट आहे, दिवे आहेत, तो काठ तसाही बदललेलाच आहे, तिथे माणसांची सोय करा, बाकं टाका, रस्त्याचीच एक लेन सायकलला द्या (इथे गाडीवाले माझ्यावर तुटून पडतील). उरलेला काठ सोडून द्या. आणि ट्रॅकवर भांडायची जी ताकद आहे ती सांडपाण्यावर लावा, कारण दरवर्षी मशीन लावून जलपर्णी काढतात आणि ती परत येते ती त्या सांडपाण्यावरच पोसते. नाले तलावात येताहेत तोवर काढणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

आमचा ग्रुप दर रविवारी पुण्यात टेकडीवर झाडं लावतो, पाण्याचे कॅन पाठीवर नेऊन जगवतो. मागच्या आठवड्यात एक काका म्हणाले, हे थांबवा, टेकडीची वाट लावताय. वाईट वाटलं. झाड लावणं चूक कसं असेल?
— टेकडीप्रेमी, कोथरूड

काकांनी बोलायला नको होतं तसं, पण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पुण्याच्या टेकड्यांचा बराचसा भाग मुळात गवताचा आणि खुरट्या झुडपांचा, खाली मुरूम, वर वीतभर माती. उन्हाळ्यात तो पिवळा पडतो आणि आपल्याला वाटतं उजाड झाला. पण चंडोल, टिटवी, तित्तर यांना तेच लागतं, टिटवी तर उघड्या खड्यांवर अंडी घालते, ती जागा झाडांच्या सावलीत गेली की तिचं काम संपलं. याआधी हिरवं करायच्या नादात टेकड्यांवर गिरिपुष्प लावून ठेवलंय, मध्य अमेरिकेतलं झाड, गावाकडे त्याला उंदीरमारी म्हणतात यावरून काय ते समजा. भराभर वाढलं, खाली गवत राहिलं नाही.

तुम्ही वड-पिंपळ लावत असाल तर तेही माळाच्या मधोमध नको. ओघळीच्या कडेला, पायथ्याला, जिथे माती आहे तिथे लावा. आणि आधी जागा कोणाची ते बघा, एकाच टेकडीवर थोडं वनखात्याचं, थोडं पालिकेचं, थोडं खाजगी असतं, परवानगी ज्याची त्याची. खरं सांगू का, तुमच्या ग्रुपला हात आहेत आणि रविवार आहे तर नवीन खड्डे खणण्यापेक्षा फुटलेल्या पायवाटा बंद करा. एका वाटेच्या शेजारी लोक शॉर्टकट पाडत जातात, पावसात त्याचा नाला होतो आणि ती वीतभर माती पण वाहून जाते. काट्या टाकून दोन पावसाळे शॉर्टकट बंद ठेवला की गवत आपणहून येतं. सेल्फी चांगला येत नाही एवढंच.

कुत्र्याला टेकडीवर मोकळं सोडलं तर चालेल का? तो कोणाला चावत नाही.
— सहकारनगर

माणसांना चावत नसेल हो. वरची टिटवी वाचलीत ना, तिला तो चावायची गरजच नाही, नुसता धावत गेला तरी ती अंड्यांवरून उठते आणि भर उन्हात अंडी उघडी पडतात. पट्टा लावूनच न्या, निदान मार्च ते पाऊस सुरू होईपर्यंत तरी.