मिरची लाल की हिरवी?

प्रश्न : सप्टेंबरात आम्ही मुलाकडे अल्बुकर्कीला, न्यू मेक्सिकोत, जातोय. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. तिथल्या हॉटेलांत खायचं काय? आणि टिप द्यावीच लागते का? मुलगा वीस टक्के म्हणतो, ह्यांना ते पटत नाही.
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, वेळ फार छान निवडलीत. ऑगस्ट सरता सरता तिथे हिरव्या मिरच्यांचा हंगाम येतो. किराणा दुकानांबाहेर जाळीची पिंपं गॅसच्या ज्वाळांवर फिरवत मिरच्या भाजतात. माझी लेक तिथे शिकायला होती, तेव्हा त्या खमंग वासासाठी मी मुद्दाम दुकानापर्यंत चालत जायची.

हॉटेलात वेटर विचारेल, 'रेड ऑर ग्रीन?' म्हणजे पदार्थावर लाल मिरचीचा रस्सा हवा की हिरव्या मिरचीचा. तिथल्या विधिमंडळाने 1996 मध्ये हा राज्याचा अधिकृत प्रश्नच ठरवून टाकलाय! मिरची एकच. कच्ची तोडून भाजली की हिरवी, झाडावर पिकवून वाळवली की लाल. दोन्ही हव्या असतील तर 'ख्रिसमस' म्हणायचं. पण रंग सांगण्याआधी त्या रश्श्यात काय आहे ते विचारा. हिरव्यात पुष्कळदा डुकराचं मांस किंवा चिकनचा स्टॉक (मांस-हाडं उकळलेलं पाणी) असतो, बीन्समध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. स्टॉक, लार्ड, एग अशी एकेकाची नावं घ्या. कुणी वाईट वाटून घेत नाही.

कॅलाबासितास नक्की मागवा : झुकिनी, मक्याचे दाणे, हिरवी मिरची, बहुधा वर चीज. भुट्ट्याच्या किसावर वाढलेल्या आपल्या इंदुरी जिभेला ते लगेच रुचतं. निळ्या मक्याच्या टॉर्टियांचे, म्हणजे पातळ पोळ्यांचे, चीज घालून केलेले एन्चिलाडाही सुरेख, फक्त वरचं अंडं नको म्हणून सांगा. सोपापिया म्हणजे टम्म फुगलेली तळलेली पोळी. कोपरा फाडून आत मध सोडतात. तिच्या पिठात लार्ड असू शकतं, तेवढं विचारून घ्या. पोसोले, म्हणजे मक्याच्या मोठ्या दाण्यांचा रस्सा, सोडाच, त्यात बहुधा डुक्कर असतं.

टिपेच्या बाबतीत मुलाचं ऐका. तिथल्या कायद्याने टिप मिळणाऱ्या वेटरला मालकाने पदरचे किमान वेतनापेक्षा बरेच कमी पैसे दिले तरी चालतात. बाकीचं टिपांतून भरायचं. म्हणजे त्याचा पगार बराचसा आपल्याच हातून जातो. टेबलावर बसून जेवलात तर पंधरा ते वीस टक्के द्या, करापूर्वीच्या रकमेवर धरलं तरी चालेल. काउंटरवरून स्वतः उचलून आणलंत तर तुमची मर्जी.