तुमचे प्रश्न : बापानं कांगारू केअर द्यावी का?

प्रश्न : आमचं बाळ ३४ आठवड्यांत झालं, सिझेरियननं. आता वजन १९०० ग्रॅम, घरी आणलंय. डॉक्टरांनी कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून धरणं, सांगितलीय. बायको थकते. मी दिली तर चालेल का? आई म्हणते, हे बायकांचं काम. — एक वाचक, सातारा

उत्तर : चालेल काय, द्याच. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ८ ते २४ तासांची आहे. पोटाला टाके असलेल्या बाळंतिणीला एकटीला ते झेपणार कसं? कमी वजनाच्या बाळाच्या कातडीखाली चरबी फारशी नसते. अंग पटकन गार पडतं आणि पोटात गेलेलं दूध वजन वाढण्याऐवजी ऊब टिकवण्यात खर्ची पडतं. ऊब बापाच्या छातीतही तेवढीच असते.

आंघोळ करून बसा. अत्तर, पावडर नको, गळ्यातली चेन काढून ठेवा. छातीवरचे केस राहू द्या. बाळाच्या अंगावर फक्त टोपडं, लंगोट, मोजे. बाळ छातीच्या मधोमध उभं धरा, डोकं एका कुशीला, हातपाय बेडकासारखे दुमडलेले. जुन्या सुती साडीचा पट्टा दोघांभोवती गुंडाळा. वरची कड बाळाच्या कानाखाली, छातीपाशी घट्ट, पोटापाशी सैल. वरून पुढे बटणं असलेला शर्ट घाला.

चूक होते ती मानेत. बाळ खाली घसरलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. मान किंचित वर हवी, तोंड-नाक कायम दिसायला हवं. दुसरी चूक, दहा-पंधरा मिनिटांत बाळ काढून ठेवणं. सारख्या उचल-ठेवीनं ते दमतं. एका वेळी किमान तासभर तरी ठेवा. पाठीला उशा लावून रेलून बसा, आडवे होऊ नका. डुलकी येतेय असं वाटलं तर बाळ दुसऱ्याकडे द्या. सोफ्यावर बाळासकट झोप लागणं फार धोक्याचं.

ऊब पुरते का, हे हातानं कळतं : पोट गरम, तळवे गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय. ओठ निळे पडले, श्वास मध्येच थांबला, मिनिटाला ६०च्या वर गेला किंवा बाळ दूध घेईना, तर लगेच दवाखाना. आणि बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, धुरी नकोच. अशा बाळाच्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. आईंना हे डॉक्टरांकडूनच ऐकवा, मुलाचं ऐकतीलच असं नाही.

अडीच किलो वजन झालं किंवा बाळच पट्ट्यात वळवळून बाहेर यायला बघू लागलं, की थांबवा.

प्रश्न : रात्रीचं एक दूध मी पाजलं तर बायकोला सलग झोप मिळेल. बाटली चालेल का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : बाटली नको, वाटी-चमचा घ्या, दोन्ही दहा मिनिटं उकळून. काढलेलं दूध बाहेर ४ तास टिकतं, फ्रिजमध्ये आतल्या बाजूला २४ तास. दाराच्या कप्प्यात ठेवू नका, तिथं गारवा कमी-जास्त होतो. गॅसवर तापवू नका, वाटी कोमट पाण्यात धरा. बाळ पूर्ण जागं हवं, अर्धवट बसतं धरलेलं. चमचा खालच्या ओठाला टेकवा, घोट बाळाला घेऊ द्या. घशात ओतलं की ठसका लागतो. उरलेलं टाकून द्या.

प्रश्न : बापाला रजा किती? — एक वाचक, पुणे

उत्तर : केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस, हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर. बाळ जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आत घ्यायची, नाहीतर बुडते. बाळ एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल तर ते घरी येईपर्यंत राखून ठेवलेली बरी. खासगी नोकरीत कायद्याची सक्ती नाही. कंपनीचं धोरण एचआरला आधीच विचारून घ्या.